जुनी लॉरा आरएस घ्यायची आहे : घेऊ का, आणि घेतली तर आधी कुठलं काम करू?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. पाचोऱ्याला माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गेली आठ वर्षं छोटी हॅचबॅक चालवतोय, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण २०१२ ला पुण्यात शिकायला होतो तेव्हा आमच्या एका सरांकडे लाल स्कोडा लॉरा आरएस होती. संध्याकाळी सर गाडी चालू करायचे आणि आम्ही चार पोरं कट्ट्यावरून उठून उभी राहायचो. तेव्हापासून ही गाडी डोक्यातून गेलेली नाही.

आता एक मिळतेय. पुण्याची आहे, एमएच-१२ पासिंग, नोंदणी ऑगस्ट २०१२ ची, दुसरा मालक, ९४ हजार किलोमीटर. १.८ टीएसआय पेट्रोल, सहा गिअर, मॅन्युअल. मागतोय ४ लाख ७५ हजार. म्हणतो टायर नवे आहेत, एसी थंडगार आहे, एक रुपयाचं काम नाही.

माझ्याकडे गाडी आणि दुरुस्ती मिळून सहा लाख आहेत. त्याच्या वर जाता येणार नाही, दुकानाचा हंगाम तोंडावर आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, आपल्याकडचं ऊन, धूळ आणि गावचे रस्ते ही गाडी झेपवेल का? दोन, घेतली तर उरलेले पैसे आधी कुठे घालू? आमचे आप्पा म्हणतात, दुसऱ्याने विकलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या ओट्यावर आणून बांधणं. त्यांना नीट उत्तर देता यावं म्हणून हा धागा.

टर्बोवेडा

दादा घेऊन टाक! १६० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क, तेही मॅन्युअल. अशा गाड्या आता कोणी बनवत नाही. वरून रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, की ताकद दोनशे पीएसच्या पुढे जाते. पाचोरा ते जळगाव कधी आलं कळणार नाही.

फिटरभाऊ_भुसावळ

टर्बोवेडा, रिमॅपचं नाव अजून सहा महिने काढू नको. आधी इंजिन तब्येतीचं आहे का ते बघू दे.

गिरणाकाठ, माझं भुसावळला छोटं गॅरेज आहे. या इंजिनावर बरंच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी बघायला सकाळी जायचं. विकणाऱ्याला आधीच सांगायचं की माझ्यासमोरच पहिल्यांदा चालू करा. गेल्या गेल्या बोनेटला हात लाव. कोमट जरी लागलं तरी त्या दिवशी सौदा बोलायचा नाही. कारण असं : रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं. या इंजिनाची टायमिंग चेन ज्या टेन्शनरने ताणून धरलेली असते तो तेलाच्या दाबावर चालतो. किल्ली फिरवल्यावर दाब यायला थोडा वेळ लागतो, आणि चेन ढिली असेल तर तेवढ्यात खरखर ऐकू येते. विहिरीच्या कठड्यावरून साखळी ओढल्यासारखी. दोन-तीन सेकंद, मग गप्प. गरम इंजिनावर हा आवाज ऐकायला मिळत नाही, म्हणूनच काही लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतात.

ही खरखर सोडून देण्यासारखी नाही. चेनने दात सोडला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. चेन कव्हरच्या खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढून छोटा आरसा आणि टॉर्च धरला की टेन्शनरचा दट्ट्या दिसतो. त्यावर खाचा असतात, बाहेर आलेल्या खाचा मोजायच्या. जास्त बाहेर आला म्हणजे चेन तेवढी लांबलीय. याच इंजिनात पुढे सुधारित टेन्शनर आला. आत जुना आहे की नवा, तेही तिथूनच ओळखू येतं. सोबत स्कॅनर लावून कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची, स्थिती बघायची. स्कॅनरवर ती ब्लॉक ९३ या रकान्यात दिसते. चार-पाच अंशांच्या पुढे सरकलेली दिसली तर चेनचं काम धरूनच भाव करायचा.

मग इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढ. जरा ओढ लागली, आयडलिंग थोडं डळमळलं, तर चांगलं. झाकण निघायलाच जोर लागला किंवा शिट्टी वाजली तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या व्हॉल्वचा, पडदा फाटलाय. ते काम मोठं नाही, पण तसंच चालवलं तर क्रँकचं मागचं सील जातं आणि मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तेल किती खाते ते विचार. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत पुस्तकातच मान्य केलंय. त्याच्या पुढे गेलं तर ऑइल रिंगांवर संशय घ्यावा लागतो, आणि रिंगा म्हणजे इंजिन उघडणं. तुझ्या सहा लाखांत ते बसत नाही. तसं निघालं तर नमस्कार करून परत यायचं.

अण्णा_एरंडोल

भाऊ, गाडी लेवानी घाई करू नको. पहिले खाले वाकीसन देख.

मी तुझ्या आप्पांच्या बाजूचा आहे, स्पष्ट सांगतो. सहा लाखांत थोडं कर्ज काढून नवी सीएनजी येते. वॉरंटी मिळते, गावातला कुठलाही पोरगा दुरुस्त करतो. माझ्या तरुणपणी मी कॉन्टेसा घेतली होती, जुनीच. १.८ चं इसुझूचं इंजिन. काय गाडी होती! मागच्या सीटवर चार माणसं आणि डिकीत कापसाच्या दोन गाठोड्या. पण एक लहान भाग मिळेना म्हणून दोन महिने अंगणात उभी होती आणि कोंबड्यांनी तिच्याखाली अंडी घातली. गाडी चालवण्याचा आनंद मला कळतो रे बाबा. गाडी उभी राहण्याचं दुःखही मी बघितलंय. आणि दुसरी गोष्ट, पंधरा वर्षं भरली की सरकार गाडी भंगारात काढतं ना? २०२७ म्हणजे परवाच.

खाकी_फाईल

अण्णा, तुमचा मान राखून सांगतो, पंधरा वर्षांचं तसं नाही. वय झालं म्हणून गाडी बंद, असा प्रकार दिल्लीकडचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. आरटीओत तपासणी करून घ्यायची, पास झाली की पुढची पाच वर्षं नूतनीकरण. चारचाकीची नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार आहे, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे ऑगस्ट २०२७ ला खर्च आहे, पण गाडी मरत नाही. मात्र सौदा करताना हे तारखेसकट बोलायचं, भाव कमी करायला चांगलं कारण आहे.

बाकी कागदांचं. पुण्याची गाडी जळगावला आणली तरी राज्य एकच, नंबर एमएच-१२ चाच राहतो, रोड टॅक्स परत भरावा लागत नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही समोर घ्या. आरसी बुकावर बँकेचं नाव असेल तर कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका. गाडीवरची ई-चलानं आधी बघा. पुण्यात सिग्नलवर सगळीकडे कॅमेरे, जुनी चलानं नंतर तुमच्या गळ्यात येतात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, तेव्हा एचएसआरपी, म्हणजे नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी, बसवलीय का तेही बघा.

विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. त्यामुळे विकणारा दाखवेल त्या हप्त्यावर हिशोब धरू नका.

लळिंगचा_वारा

फिटरभाऊंनी चेनचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. कारण मी त्यात पोळलोय.

तीन वर्षांपूर्वी मीही एक जुनी जर्मन सेडान घेतली. बघायला गेलो तेव्हा इंजिनच्या बाजूला वॉटर पंपाच्या घरावर गुलाबी-पांढरट खपली दिसली होती. नखाने खरवडली तर मिठासारखी सुटली. विकणारा म्हणाला, धुताना साबण राहिला असेल. मी मान डोलावली. मला गाडी हवी होती ना. ती खपली म्हणजे कूलंट थेंब थेंब झिरपून वाळलेलं असतं, हे मला मे महिन्यात पारोळ्याच्या अलीकडे कळलं. दुपारचे अडीच, बाहेर ४४ अंश, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. काटा चढला, मी पाचेक मिनिटं 'पुढे सावली बघून थांबू' म्हणत रेटली. त्या पाच मिनिटांनी हेडचं पॅकिंग घेतलं. मुलगी रडून रडून झोपली आणि आम्ही निंबाखाली दोन तास टोइंगची वाट बघत बसलो. जवळच्या शेतातल्या माउलीने माठातलं पाणी आणून दिलं, तिचे उपकार विसरणार नाही.

म्हणून सांगतो. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. गाडी पुण्यात कितीही छान चालत असो, तिची कूलिंगची परीक्षा इथे होते. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं असतं, वयाने तडकतं. खपली दिसली तर साबण समजू नको.

फिटरभाऊ_भुसावळ

लळिंगभाऊंचं शंभर टक्के बरोबर. तो पंप एका छोट्या दातेरी पट्ट्यावर फिरतो, पंप बदलताना तो पट्टाही बदलायचा. आणि रेडिएटरचे दोन्ही पंखे एसी लावल्यावर फिरतात का ते उभं राहून बघायचं. टाकीत साधं पाणी दिसलं तर समजायचं की कुठेतरी गळत होतं आणि कोणीतरी वेळ मारून नेलीय.

तापीची_लेक

मी शहाद्याला दवाखाना चालवते. रात्री-बेरात्री धुळ्यापर्यंत पेशंटबरोबर जावं लागतं, म्हणून माझं लक्ष गाडी किती पळते यापेक्षा किती लवकर थांबते याकडे.

दोन वर्षांपूर्वी दोंडाईच्याच्या पुढे, रात्री साडेअकरा. समोरून ट्रकचा अप्पर, आणि तो गेल्या गेल्या पुढ्यात उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पाचट लोंबतेय. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा ट्रॉली आणि बोनेटमध्ये हातभर अंतर होतं. आदल्याच आठवड्यात टायर आणि ब्रेक पॅड बदलले होते. नसते बदलले तर हा प्रतिसाद लिहायला मी नसते.

गिरणाकाठदादा, 'टायर नवे' हे शब्द ऐकून घ्या आणि मग वाकून तारीख वाचा. टायरच्या कडेवर लांबलचक अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी चार आकडे. ३५१७ असेल तर २०१७ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा-सात वर्षं उन्हात तापलेलं रबर दगड झालेलं असतं. चारही टायरची आणि स्टेपनीची तारीख वाचा. पुढच्या डिस्कवर बोट फिरवा, कडेला कंगोरा लागला तर डिस्क झिजलीय. ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा. ते हवेतलं पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. नाही बदललं तर घाटात उतरताना ते उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. तुम्ही पुण्याहून कन्नड घाटाने खाली येणार, हे ध्यानात ठेवा.

आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल तर गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली आहे.

टर्बोवेडा

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या गाडीचे टायर बघून आलो. २०१६ चे निघाले. उद्याच बदलतो.

तापीची_लेक

शाब्बास. बदललेत की इथे कळव.

केळीबाग_रावेर

माझ्याकडे फियाटची लिनिया टी-जेट आहे, १.४ टर्बो, ११४ पीएस. कागदावर लॉरापेक्षा कमी, पण रावेर-यावल पट्ट्यात रस्ते जसे आहेत त्यावर तिचं सस्पेन्शन माझ्या मनासारखं. हिच्यात चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, तो ठरल्या वेळी बदलला की विषय संपला. भाग मिळवायला मात्र पुणे-मुंबई करावं लागतं. धागाकर्त्याने एकदा हीही चालवून बघावी. होंडा सिव्हिक १.८ चं पण इंजिन गुणी, टर्बो नसल्याने डोक्याला ताप कमी. पण ती इतकी खाली बसते की आमच्या मळ्याच्या रस्त्याला पोट घासतं.

धुळीचं म्हणशील तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतराला बदल. केळीच्या गाड्या कच्च्यावरून निघतात तेव्हा पुढचं काही दिसत नाही, ती सगळी धूळ टर्बोच्या तोंडाशी जाते. आणि इंजिनखालचं संरक्षण, तो प्लास्टिकचा तवा, जागेवर आहे का बघ. बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑइल बदलताना काढतात आणि परत लावत नाहीत.

एक प्रश्न फिटरभाऊंना. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. २०१२ च्या गाडीला चालेल?

फिटरभाऊ_भुसावळ

ई-२० साठी लागणारं रबर आणि सील एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत येतात. जुनी गाडी लगेच बंद पडते असं नाही, पण इंधनाच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा तपासून जुन्या झालेल्या बदलून टाकायच्या. मायलेज थोडं कमी होतं. आणि टाकी भरून गाडी महिना-दोन महिने उभी करायची नाही, इथेनॉल पाणी ओढून घेतं. मी गिऱ्हाइकांना ९५ ऑक्टेनचं भरायला सांगतो, झाकणाच्या आत काय लिहिलंय तेही वाचायचं.

अजून एक राहिलं होतं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काळी काजळी साठते. ९४ हजाराला असणारच. सकाळी थंडीत गाडी अडखळली तर घाबरू नको, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने मारून साफ करतात. ते काम नंतरचं.

अण्णा_एरंडोल

अक्रोडाचा भुसा? आमच्याकडे भुशाने भांडी घासत. इंजिन घासतात हे आज कळलं. चांगला धागा आहे.

पुणेकर_मूळ_अमळनेर

गिरणाकाठ, मी पुण्यात असतो आणि माझ्याकडे या गाड्यांचा स्कॅनर आहे. स्वतःची जुनी ऑक्टाव्हिया सांभाळतो. रविवारी सकाळी सोबत येतो. पैसे-बिसे नको, येताना आसोद्याची भरताची वांगी आण पाच किलो. इथे मिळतात ती वांगी भाजली की नुसतं पाणी सुटतं.

केळीबाग_रावेर

वांग्यांसोबत कळण्याचं पीठ पण पाठव रे त्याला. नुसतं भरीत पोळीबरोबर खाणार का तो.

लळिंगचा_वारा

आणि भरीत ठेचताना बडगीतच ठेचायचं. मिक्सरमध्ये फिरवलं तर स्कॅनर परत घेऊन जा म्हणावं.

गिरणाकाठ

मंडळी, जाऊन आलो. काय झालं ते सगळं लिहितो.

शनिवारी रात्री पोहोचलो. विकणाऱ्याने फोनवर सकाळी नऊची वेळ दिली होती, पण आम्ही आठला सोसायटीत हजर. तो खाली आला, जरा चपापला. बोनेटला हात लावला, गार होतं. अमळनेरकर दादांनी मला इंजिनच्या बाजूला उभं केलं, स्वतः मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्याला किल्ली फिरवायला सांगितली.

खरखर आली. फिटरभाऊंनी लिहिलं होतं अगदी तशी. तीन सेकंद, मग गाडी मांजरासारखी शांत. विकणारा म्हणाला, सगळ्या टीएसआय असाच आवाज करतात. दादा काही बोलले नाहीत. स्कॅनर लावला, ब्लॉक ९३ ला साडेपाच अंशांच्या वर आकडा दिसला. एरर एकही नव्हती, पण रेडीनेसच्या चाचण्या अपूर्ण दाखवत होत्या. म्हणजे आदल्या एक-दोन दिवसांत कोणीतरी सगळ्या एरर पुसल्या होत्या.

तेलाचं झाकण सहज निघालं, शिट्टी नाही. वॉटर पंपाशी टॉर्च मारला, खपली होती. मला लळिंगभाऊंची मुलगी आठवली. टायर दिसायला काळेभोर, तारीख १८१८. सीटबेल्ट स्वच्छ. चालवली तेव्हा गतिरोधकावर पुढून टकटक. क्लच चांगला लागला. आणि खरं सांगतो, दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजारच्या पुढे ती जी खेचते, तिथे मला कट्ट्यावरची ती संध्याकाळ परत दिसली. पण तोंडातून शब्द काढला नाही, दादांनी आधीच बजावलं होतं.

सर्व्हिसची फाईल मागितली. ७० हजारापर्यंतच्या सगळ्या पावत्या आहेत, किलोमीटर जुळतात. त्यानंतर तीन वर्षांत दोनदाच ऑइल बदललंय. अजून विसार दिलेला नाही. काय करू?

फिटरभाऊ_भुसावळ

मला विचारशील तर ही गाडी वाईट नाही, दुर्लक्षित आहे. दोन्हींत फरक आहे. तेल किती खाते ते कळलं का?

पुणेकर_मूळ_अमळनेर

मी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघितलं, कोरडी काजळी, तेलकट नाही. गरम झाल्यावर आयडलिंगला पाच मिनिटं ठेवून एकदम रेस दिली, निळा धूर नाही. काल ओळखीच्या गॅरेजवर कॉम्प्रेशन पण काढून घेतलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. रिंगांची भीती मला वाटत नाही.

फिटरभाऊ_भुसावळ

मग हिशोब मांड आणि त्याच्यासमोर ठेव. चेन, टेन्शनर, गाइड, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, चार टायर. ही तीन कामं 'घेतल्यावर बघू' म्हणण्यासारखी नाहीत, ती गाडीच्या भावातूनच वजा झाली पाहिजेत. आणि चेनचं काम पुण्यातच करून घे. ढिली चेन घेऊन साडेतीनशे-चारशे किलोमीटर यायचं नाही. भाव सव्वाचारच्या खाली आला नाही तर सोडून दे.

अण्णा_एरंडोल

आधी मी नको म्हणालो होतो. पण या पोरांनी जशी गाडी तपासली तशी आम्ही आमच्या काळात लग्नाची स्थळंही तपासली नाहीत. भाव जमला तर घे. आप्पांना माझा फोन नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी.

गिरणाकाठ

घेतली!

चार लाख पाच हजारांत जमलं. रेकॉर्डिंग ऐकवलं, टायरची तारीख दाखवली, २०२७ च्या नूतनीकरणाचं सांगितलं. शेवटी त्याने स्वतःच मान्य केलं की गेल्या वर्षी एका गॅरेजने चेनचं सांगितलं होतं, तेव्हापासून तो विकायच्या विचारात होता. आधी सांगितलं असतं तर मला जास्त आदर वाटला असता.

गाडी टोइंगने गॅरेजला नेली, चालवली नाही. बारा दिवस तिथेच होती. चेन, सुधारित टेन्शनर आणि गाइड, मजुरीसकट ५८ हजार. जुना टेन्शनर मी मागून घेतला, आता दुकानाच्या टेबलावर आहे. वॉटर पंप, त्याचा पट्टा, थर्मोस्टॅटचं घर आणि कूलंट, २४ हजार. पुढच्या डिस्क, चारही चाकांचे पॅड आणि ब्रेक ऑइल, साडेएकोणीस. टायर २०५/५५ आर १६ चारही नवे, बत्तीस हजार, तारीख मी स्वतः वाकून वाचली. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, सगळे फिल्टर, प्लग आणि इंधनाच्या दोन नळ्या, सतरा. ती टकटक लिंक रॉडची आणि खालच्या आर्मच्या बुशांची निघाली, एकवीस हजार. एकूण १ लाख ७१ हजार ५००. विमा आणि कागदांचे एकोणीस हजार धरून ५ लाख ९५ हजार ५०० झाले. काजळी साफ करणं, डॅशबोर्डचा एक तडा आणि मागच्या बंपरचा रंग राहिलाय. ते दिवाळीनंतर.

काल निघालो. नगर, संभाजीनगर, कन्नड. घाटाच्या वर गाडी थांबवून ब्रेक पेडल दाबून बघितलं, ताईंची आठवण होती. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. काटा मधोमध, जराही हलला नाही. खाली चाळीसगावच्या बाजूला आलो आणि काच खाली केली तर तो आपला गरम वारा आत आला, कापसाचा वास घेऊन.

घरी आप्पा ओट्यावर बसले होते. अण्णांचा फोन आधीच येऊन गेला होता म्हणे. ते उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पुढच्या टायरची तारीख वाचली आणि आईला म्हणाले, नारळ आण.

लळिंगचा_वारा

अभिनंदन रे! आता उन्हाळ्यात दुपारी निघताना डिकीत पाच लिटर कूलंट आणि पाणी ठेव, एवढं माझ्यासाठी कर.

तापीची_लेक

अभिनंदन. तोरणमाळला या कधी गाडी घेऊन. वळणं तुम्हाला आवडतील, मात्र धुकं असेल तेव्हा नको.

टर्बोवेडा

टायर बदलले ताई! आणि दादा, मनापासून अभिनंदन. रिमॅपचं सहा महिन्यांनी विचारतो.

पुणेकर_मूळ_अमळनेर

भरीत झालं. दोन दिवस सलग खाल्लं. पुढच्या वेळी कोणाला गाडी बघायची असेल तर सांगा, हंगाम संपायच्या आत.

फिटरभाऊ_भुसावळ

गिरणाकाठ, उद्या सकाळी किल्ली लावायच्या आधी मोबाइल इंजिनशेजारी ठेव आणि पहिल्या दहा सेकंदांचा आवाज इथे टाक.

गिरणाकाठ

टाकलाय भाऊ. सकाळी पावणेसातचा आहे, मागे चिमण्यांचा आवाज येतोय, तो सोडून ऐका.

फिटरभाऊ_भुसावळ

तीनदा ऐकला. स्वच्छ आहे. आता ऑइलच्या पातळीचा डिपस्टिकसकट फोटो काढून ठेव, आणि बरोबर हजार किलोमीटरला, सपाट जागेवर, तसाच दुसरा फोटो टाक.